सेबर घेताना आधी समोरच्याचा विचार

सरावासाठी सेबर, म्हणजे युरोपातली एका धारेची, बहुधा बाकदार तलवार, घ्यायची म्हटलं की बहुतेक जण आधी फोटो बघत बसतात. मूठ पितळेची की पोलादाची, पात्याला बाक किती, कातड्यावर तार गुंडाळलेली आहे की नाही. माझा आग्रह असा की पहिला विचार समोर उभ्या राहणाऱ्या माणसाचा करावा. आपल्या सेबरचं टोक त्याच्या छातीवर टेकून वाकणार आहे, तिची कड त्याच्या मनगटावर बसणार आहे. आपल्या हाताला काय मानवतं हे त्यानंतर. दिसण्याचं सगळ्यात शेवटी बघितलं तरी चालतं.

मी इंग्लंडमधल्या लीड्समध्ये फिजिओथेरपिस्ट आहे. संध्याकाळी एका शाळेच्या जिममध्ये आमचा गट ऐतिहासिक फेन्सिंगचा सराव करतो, म्हणजे जुन्या उस्तादांनी लिहून ठेवलेल्या पुस्तकांवरून त्यांची तलवारबाजी पुन्हा अंगात आणायची. ऑलिम्पिकमध्ये दिसते ती सेबर वेगळी. तिचं वजन 500 ग्रॅमच्या आत असावं लागतं, पातं फार तर 88 सेंटिमीटर, आणि स्पर्श झाला की दिवा लागतो. आमच्या हातातली सेबर साधारण साडेसहाशे ते नऊशे ग्रॅमची असते. तिने वार अडवायचा तर तो खरोखर अडवावा लागतो, नुसतं पातं मध्ये आणून भागत नाही.

कुठली घ्यायची हे तुम्ही कुठलं पुस्तक गिरवता यावर ठरतं. इटालियन पद्धत शिकायची असेल तर मिलानचा उस्ताद जुझेप्पे राडाएल्ली याचं नाव येणारच. त्याची पद्धत देल फ्राते या अधिकाऱ्याने 1868 मध्ये आणि पुन्हा 1876 मध्ये लिहून काढली. त्यात वार कोपरातून फिरवून येतो, आणि पातं हलकं आणि चपळ लागतं. इंग्रज अधिकारी आल्फ्रेड हटनचं 1889 चं पुस्तकही अशाच हलक्या सेबरवर बेतलेलं आहे. मी गिरवते चार्ल्स रोवर्थचं 1798 चं पुस्तक. फ्रान्सशी युद्धं चालू होती त्या काळातली, पायी लढणाऱ्याची ब्रिटिश पद्धत. त्या काळची सगळ्यात प्रसिद्ध सेबर म्हणजे 1796 च्या नमुन्याची हलक्या घोडदळाची. जॉन गॅस्पार्ड ल मार्शाँ या अधिकाऱ्याने ती घडवून घेतली. पातं सुमारे 33 इंचांचं, टोकाकडे रुंद होत गेलेलं, मूठ रिकिबीच्या आकाराची.

या पात्याचा आपल्याकडच्या इतिहासाशी एक धागा आहे, आणि तो मला फार मोलाचा वाटतो. पुढे क्रिमियातल्या बालाक्लाव्हाच्या लढाईत मारला गेलेला ब्रिटिश घोडदळाचा कॅप्टन नोलन 1853 च्या आपल्या पुस्तकात निजामाच्या घोडदळाबद्दल लिहितो. त्या स्वारांनी रोहिल्यांना केलेल्या जखमांची वर्णनं ऐकून तो चक्रावला होता. एवढी धार कुठल्या तलवारींना, म्हणून त्याने चौकशी केली, तर निघाली ब्रिटिश ड्रॅगूनांची, म्हणजे घोडदळाच्या स्वारांची, टाकून दिलेली जुनी पाती! देशी मुठी बसवलेली, पुन्हा धार लावलेली आणि लाकडी म्यानात ठेवलेली. ब्रिटिश स्वारांची म्यानं पोलादी, त्यामुळे तलवार उपसताना आणि घालताना धार घासून बोथट व्हायची. पातं तेच, पण ते सांभाळणारा हात समजूतदार. हत्यार विकत घेतल्यावर त्याची निगा कशी राखायची, याचा इतका चांगला दाखला मला दुसरा माहीत नाही.

आता वजनाकडे येते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज तिथेच आहे. एका जुन्या वस्तूंच्या जत्रेत मला अस्सल 1796 ची सेबर हातात घ्यायला मिळाली. वजन किलोच्या जरा आत, पण हातात घेतल्यावर तेवढं जाणवत नव्हतं. कारण पातं बघितल्यावर कळलं. मुठीजवळ पाठ, म्हणजे धारेच्या विरुद्ध बाजू, आठ-नऊ मिलिमीटर जाड, आणि टोकाकडे जाता जाता ती जेमतेम दोनवर येते. वजन हाताजवळ राहतं. सरावाच्या सेबरला धार नसते, कड दीड-दोन मिलिमीटर जाड ठेवावी लागते, म्हणजे टोकाकडे पोलाद आपोआपच जास्त. ते कुठूनतरी कमी करायला हवं. चांगला कारागीर पाठ निमुळती करत नेतो. स्वस्तातलं पातं मुठीपासून टोकापर्यंत एकाच जाडीचं असतं, आणि मग 750 ग्रॅमची सेबरसुद्धा किलोच्या सेबरपेक्षा जड वाटते.

म्हणून विकणाऱ्याला आधी तोल विचारा. पातं आडवं बोटावर ठेवून ते जिथे स्थिर राहतं ती जागा गार्डपासून, म्हणजे मुठीवरच्या हात झाकणाऱ्या भागापासून, किती दूर आहे? दहा-बारा सेंटिमीटरच्या आसपास असेल तर नवीन माणसाला पेलतं. पंधराच्या पुढे गेलं की वार जोरदार बसतो खरा, पण सुरू केलेला वार थांबवता येत नाही. समोरचा चुकून वाकला, मास्क सरकला, तर तुमचा हात वेळेवर आवरला पाहिजे. टोकाला जड सेबर आवरत नाही. शिवाय माझ्या पेशामुळे मला दुसरीही बाजू दिसते. टेनिस एल्बो नुसता टेनिसवाल्यांनाच होतो असं नाही. टोकाकडे झुकणारं पातं मनगटातून रोज गोल फिरवा, कोपराची बाहेरची बाजू काही आठवड्यांत बोलू लागते.

भोसकण्याचा प्रश्न त्याहून गंभीर. वार चिलखती जॅकेटवर पसरतो, टोक एकाच जागी घुसतं. त्यामुळे पातं वाकलंच पाहिजे, आणि कुठे वाकतं हेही बघितलं पाहिजे. टोक भिंतीला लावलेल्या जाड मॅटवर टेकवायचं, हात सरळ ठेवून हळूहळू पुढे रेटायचं. चांगलं पातं टोकाकडच्या तिसऱ्या भागात कमान घेतं, आणि सोडलं की पुन्हा सरळ होतं. मुठीजवळून मोडल्यासारखं वाकत असेल किंवा वाकल्यावर तसंच राहत असेल तर परत करा. अजिबात वाकत नसेल तर ती सेबर भिंतीवर टांगायची, माणसासमोर धरायची नाही. टोक गुंडाळून वळवलेलं किंवा चपटं, रुंद केलेलं असावं. नुसतं गोल घासलेलं टोक मला चालत नाही, मग त्यावर रबराची टोपी घालून देतो म्हटलं तरी. टोपी फाटते आणि फाटलेली लक्षात येत नाही.

आमच्या सरावाला पुण्याहून शिकायला आलेला एक मुलगा येतो. त्याने विचारलं, "ताई, गावी तलवारी मिळतातच की, त्यातली एक बोथट करून आणली तर?" मी त्याला स्पष्ट नाही म्हटलं. गडांच्या पायथ्याशी किंवा बाजारात शोभेच्या म्हणून मिळतात त्या तलवारींचं पातं बहुतेक स्टेनलेस स्टीलचं, आणि मुठीच्या आत त्याला बारीक सळई जोडलेली. दुसऱ्या पोलादावर आपटली की ती सळई तुटते आणि पातं हवेत जातं. सरावाला स्प्रिंगचं पोलाद लागतं, योग्य पाणी दिलेलं, आणि पात्याची शेपटी मुठीतून आरपार गेलेली. घरात आजोबांची खरी तलवार असेल तर तिची जागा खंडेनवमीच्या पूजेत आहे. तिची धार कुणी घासून काढायला निघालं तर मी त्याचा हात धरीन.

मूठ हा माझ्या जिव्हाळ्याचा विषय, कारण माझा हात लहान आहे. कोल्हापूरला आजोळी एक जुनी तलवार आहे. तिची मूठ माझ्या तळहातात घट्ट बसते, आणि मनगट पुढे वळवायला गेलं की मागची वाटोळी चकती मनगटात रुतते. ती मूठ खांद्यातून ओढून कापण्यासाठी आहे, तिथे मनगट अडवलेलंच बरं. रोवर्थच्या पद्धतीत मनगट मोकळं लागतं आणि अंगठा कधी मुठीच्या पाठीवर सरळ ठेवावा लागतो. ही एवढी जागा हातमोजा घातल्यावर उरते का, ते बघा. मोकळ्या हाताने छान वाटलेली मूठ जाड मोज्यात गार्डला घासायला लागते, आणि मग बोटांची पेरं प्रत्येक वाराला आतून आपटतात. मुठीचा छेद लंबगोल असावा. गोल मुठीत कड कुठल्या दिशेला आहे हे अंधारात कळत नाही, लंबगोलात बोटांनाच कळतं. माझ्या सेबरची मूठ मी कारागिराला माझ्या पंजाचं माप पाठवून आखूड करून घेतली, आणि त्याने ते आनंदाने केलं.

हे कारागीर बरेचसे हंगेरी, चेक प्रजासत्ताक, पोलंड इकडचे आहेत. चांगली सेबर दोनशे ते तीनशे पौंडांच्या घरात जाते आणि ती हातात यायला महिने लागू शकतात. तो वेळ वाया जात नाही. तोवर मास्क, डोक्याच्या मागच्या बाजूचं कवच, गळपट्टा आणि चांगले हातमोजे घ्यावेत. पैसे कमी असतील तर सेबर थांबू शकते, मोजे थांबू शकत नाहीत. मी मोडलेली बोटं हाताळते म्हणून सांगते, सेबरमध्ये सगळ्यात आधी मार लागतो तो अंगठ्याला.

आणि सरावाला पोलादच हवं असंही नाही. इंग्लंडमध्ये ॲशच्या लाकडाच्या काठीला हात झाकायला वेताची टोपली लावून शिपाई सेबरचा सराव करत. आपल्याकडच्या फरी-गदक्यात काठीवरच तलवारीचा हात बसवतात ना, त्यातलाच हा प्रकार. काठी स्वस्त, आणि मोडली तर दुसरी. अंतर आणि पाऊल काठीवर पक्कं होतं. नायलॉनच्या सेबरही मिळतात. त्या हलक्या आणि स्वस्त आहेत, पण अडवलेल्या वारावरून उसळतात, पोलादासारख्या चिकटून राहत नाहीत, म्हणून मी त्या फार दिवस वापरू देत नाही.

सेबर घरी आल्यावर तिच्यावरचं काम सुरू होतं. पोलाद पोलादावर आपटलं की कडेवर बारीक कुसळं उठतात. डोळ्यांना दिसत नाहीत, पण समोरच्याच्या बाहीला आणि मानेला लागतात. सराव संपला की मी कापसाचा बोळा मुठीकडून टोकाकडे कडेवरून फिरवते. जिथे तंतू अडकतो तिथे बारीक कानस लावायची, कडेला आडवी न धरता तिच्या लांबीने, मग त्यावरून पॉलिश पेपर. खोलवर खाच पडली असेल तर तिचे काठ गोल करायचे, खाच पूर्ण घासून काढायला जाऊ नये, पातं विनाकारण बारीक होतं. त्यानंतर मुठीच्या मागचा नट घट्ट आहे का ते बघायचं आणि मूठ कानाशी धरून हलवायची. आत खुळखुळ आली तर ती सेबर त्या आठवड्यात पिशवीबाहेर काढायची नाही. शेवटी घामाचे डाग पुसून तेलाचा हात. इथली हवा इतकी दमट की एका रात्रीत गंज धरतो, आणि लीड्समधल्या आमच्या जिमच्या कपाटात तर त्याहून लवकर.