न आलेला पैसा मोजताना

सांख्यिकी विभागात रुजू झाल्यावर माझ्या वाट्याला पहिलंच काम आलं ते वर्षभरात देशात किती परकीय थेट गुंतवणूक आली ते काढायचं. मला वाटलं, यात काय एवढं! बाहेरचा पैसा बँकेतूनच येतो, बँका नोंद ठेवतात, आपण बेरीज मारायची. दोन दिवसांत बेरीज घेऊन मी मॅडमपुढे उभा. त्यांनी कागद पाहिला आणि बाजूला ठेवला. "हा आलेल्या पैशाचा आकडा झाला. गुंतवणुकीचा कुठंय?"

मग कंपन्यांनी भरून पाठवलेल्या फॉर्मचे गठ्ठे पुढ्यात आले. पहिली चाळणी सोपी होती. परदेशी गुंतवणूकदाराकडे इथल्या कंपनीतला मताधिकार १० टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ती थेट गुंतवणूक, कमी असेल तर ती पोर्टफोलिओच्या, म्हणजे नुसत्या शेअर-रोख्यांतल्या गुंतवणुकीच्या, खात्यात. ९.९ टक्केवाला बाहेर. ही रेघ काहीशी मनमानी आहे, पण बहुतेक देश तीच पाळतात म्हणून तुलना तरी करता येते.

खरा घोळ पुढे, नफ्यात. समजा, एका कंपनीत परदेशी मालकाचा वाटा ६० टक्के आहे. वर्षाचा नफा १०० कोटी, त्यातले ४० कोटी लाभांश म्हणून वाटले. मालकाच्या वाट्याचा नफा ६० कोटी, हातात पडले २४ कोटी. उरलेले ३६ कोटी कंपनीतच राहिले. हिशेबात मात्र असं धरायचं की ते आधी मालकाला मिळाले आणि त्याने लगेच पुन्हा इथेच गुंतवले. सीमा ओलांडून एक पैसा आला नाही, तरी ३६ कोटींची गुंतवणूक 'आली'. बँकेच्या नोंदीत हे दिसणार तरी कसं? माझी पहिली बेरीज तिथेच झोपली.

याच्या उलटही होतं. त्याच कंपनीने जुन्या साठवलेल्या नफ्यातून यंदा १५० कोटी लाभांश वाटला, तर मालकाला जातात ९० आणि त्याच्या वाट्याचा चालू नफा ६०च. पुनर्गुंतवणूक उणे ३०. कारखाना जोरात चाललाय आणि आपल्या तक्त्यात मात्र उणे! असा पहिला आकडा दिसला तेव्हा टायपिंगची चूक समजून मी तो खोडायलाच निघालो होतो. लाभांश नेहमीच्या मानाने अवाढव्य असेल, तर तो उत्पन्नात न धरता भांडवल काढून घेतलं असं नोंदवतात. पण अवाढव्य म्हणजे किती? तिथे मागच्या वर्षांचे लाभांश काढून बसावं लागायचं.

फोनाफोनी हा या कामाचा अर्धा भाग. एका कंपनीचा नफा अचानक तिप्पट झालेला. अकाउंटंटना विचारलं तर म्हणाले, "अहो, जमीन विकली ना." ते वगळायला लागलं, कारण नफा धंद्यातून झालेलाच धरायचा, मालमत्ता विकून झालेला फायदा त्यात येत नाही. दुसऱ्या एका फॉर्मवर आकडे हजारांत लिहायचे होते आणि भरणाऱ्याने पूर्ण रक्कम लिहिलेली. हजारपट गुंतवणूक! ती तशीच गेली असती तर त्या वर्षी देशात सुवर्णयुग अवतरलं असतं.

मूळ कंपनी आणि उपकंपनी यांच्यातल्या कर्जांनी आणखी छळलं, कारण तीही याच हिशेबात येतात. इथल्या उपकंपनीने परदेशातल्या मूळ कंपनीलाच कर्ज दिलं, तर तो पैसा उलटा गेला. गुंतवणुकीच्या दिशेने मोजलं तर तो आत आलेल्या गुंतवणुकीतून वजा होतो. मालमत्ता आणि देणी वेगळी मांडली तर तो मालमत्तेच्या बाजूला जातो. एकाच वर्षाचे, एकाच देशाचे दोन आकडे, आणि दोन्ही बरोबर. कोणत्या तक्त्यात कोणता, हे शीर्षकाखाली लिहायचंच, असं मॅडमनी बजावलं होतं.

शेवटी पडताळा. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या सर्वेक्षणात कोणत्या देशाची कुठे किती गुंतवणूक शिल्लक आहे ते दोन्ही बाजूंनी पाहता येतं. आमचा आकडा आणि समोरच्या देशाचा आकडा जुळेनात. कारण पैसा तिसऱ्याच देशातल्या कागदी, म्हणजे नावापुरत्या, कंपनीतून फिरून आलेला, आणि आम्ही मूळ देशाऐवजी हा शेवटचा थांबा लिहिलेला. नाणेनिधीच्या २०१९च्या एका लेखात लक्झेंबर्ग या युरोपातल्या चिमुकल्या देशाचं उदाहरण आहे: वस्ती साधारण ६ लाख, परकीय थेट गुंतवणूक सुमारे ४ लाख कोटी डॉलर. तेवढे कारखाने तिथे उभे करायला जागा तरी आहे का!

आकडा जाहीर करायची तारीख आली तेव्हा बऱ्याच कंपन्यांचे लेखापरीक्षित ताळेबंद यायचेच होते. त्यांची पुनर्गुंतवणूक मागच्या वर्षांवरून अंदाजाने धरली. वर्षभराने खरे ताळेबंद आले आणि आमचा आकडा आम्हीच खाली आणला.