वाटेला कसली परवानगी?

आमच्या फॉर्ममधला एक प्रश्न विचारताना मी आवाज मुद्दाम सपाट ठेवते. "या वाटेनं जाण्यासाठी तुम्ही कधी कुणाची परवानगी घेतली होती का?" उत्तर 'हो' आलं की ती साक्ष बहुतेक वेळा तिथंच संपते. माणसं भली असतात. जुन्या शेतमालकाबद्दल चांगलं बोलावं म्हणून 'हो' म्हणून टाकतात, आणि त्या एका शब्दापायी वाट जाते.

मी इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये, पायवाटांच्या नोंदींचं काम करते. ज्या दिवसाबद्दल लिहिते आहे तो कॅमलफर्डजवळच्या एका वाडीतला. कॅमलफर्ड हे जुनं बाजाराचं गाव. टाउन हॉलवर वाऱ्याची दिशा दाखवणारा सोनेरी उंट आहे. एका बाजूला बॉडमिन मूर आहे. मूर म्हणजे आपल्या कोकणातला सडाच, फक्त जांभ्याच्या जागी ग्रॅनाइट आणि पायाखाली कातळाऐवजी जागोजागी दलदल. रफ टॉर नावाची खडकाळ टेकडी आहे (उच्चार 'राऊ टॉर'), तिच्यामागे ४२० मीटरचं ब्राउन विली, कॉर्नवॉलमधलं सर्वांत उंच ठिकाण. दुसऱ्या बाजूला दोन-अडीच तास चाललं की बॉसकॅसलचा समुद्र. तिथून साउथ वेस्ट कोस्ट पाथ जातो, सुमारे १,०१४ किलोमीटरचा. चोरट्या मालावर नजर ठेवणारे किनारारक्षक पूर्वी जिथून गस्त घालत, त्यांच्याच पायांनी त्यातला बराचसा मार्ग घडवला. पर्यटक येतात ते या दोन टोकांसाठी. माझं काम मधल्या शेतांत असतं, जिथं वाटा चर्चला, चॅपलला (छोट्या प्रार्थनाघराला), बसथांब्याला जायच्या.

इंग्लंड आणि वेल्समध्ये मिळून सुमारे सव्वादोन लाख किलोमीटर वाटा अधिकृत नकाशावर आहेत. १९४९ च्या कायद्यानं प्रत्येक काउंटीला, म्हणजे जिल्ह्याला, असा नकाशा करायला लावलं. मग १९५० च्या दशकात गावोगावच्या लोकांनी आपल्या वाटा चालून नोंदवल्या. ज्या राहिल्या त्या राहिल्याच. त्या आता घालायच्या तर एक तर जुने कागद लागतात, नाही तर पाय लागतात. लोक सलग वीस वर्षं एखाद्या वाटेनं उघडपणे, जबरदस्ती न करता, परवानगी न मागता चालत आले असतील, तर ती वाट सार्वजनिक मानली जाते. आपल्याकडे याला 'वहिवाट' असा सुंदर शब्द आहे आणि इंग्रजीत मला त्याच्या तोडीचा अजून सापडलेला नाही. ही वीस वर्षं मोजायची ती वाट पहिल्यांदा अडवली गेली त्या दिवसापासून मागे.

इथं फाटकाला कुलूप लागलं २०१९ च्या उन्हाळ्यात. म्हणजे मला १९९९ ते २०१९ हवं होतं. चौदा जणांनी फॉर्म भरून दिले होते. पंधराव्या आजी सत्त्याऐंशी वर्षांच्या. त्यांना डोळ्यांसमोर मधोमध काहीच दिसत नाही, कडेनं थोडं दिसतं. फॉर्म भरणं शक्य नव्हतं, म्हणून मीच त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन बसले.

"ये, माय लव्हर, बस," त्या म्हणाल्या. या भागात बसचालकसुद्धा कुणालाही असंच म्हणतो. राजापूरला माझी आजी अनोळखी बाईलाही 'बाय' म्हणायची, तसंच.

चहा झाला आणि आजी बोलायला लागल्या ते १९४० च्या दशकापासून. आईचा हात धरून दर रविवारी मेथडिस्ट चॅपलला. पावसात बूट हातात घेऊन, चॅपलच्या दारात पुन्हा घालायचे. लग्नानंतर अंडी घेऊन बाजाराच्या बसला. मी लिहीत होते आणि मनातून कासावीस होत होते, कारण हे सगळं माझ्या वीस वर्षांच्या खिडकीबाहेरचं होतं. शेवटी विचारलं, "आणि १९९९ नंतर?" त्या थांबल्या. "नंतर काय, नवरा गेला. मग कुत्र्याला घेऊन रोज सकाळी. डोळे गेले तोवर. २०१५ पर्यंत." माझा जीव भांड्यात पडला. वीसातली सोळा वर्षं एकट्या त्यांच्या पायांनी भरली होती.

मग तो प्रश्न. मी आवाज सपाट केला.

"जुना मालक फार भला होता," आजी म्हणाल्या. "त्यानं कधी कुणाला नाही म्हटलं नाही."

मी पेन टेकवलं नाही. मालकानं मुकाट्यानं चालू देणं वेगळं आणि परवानगी देणं वेगळं. परवानगी काढूनही घेता येते, म्हणून तिच्यातून हक्क उभा राहत नाही. पण हा फरक साक्षीदाराला समजावून सांगणं म्हणजे त्याच्या तोंडात उत्तर घालणं. तेवढंच मी पुन्हा विचारलं, "तुम्ही त्यांना विचारलं होतं का? किंवा त्यांनी तुम्हाला तसं सांगितलं होतं?"

आजींनी कप खाली ठेवला. "परवानगी? वाटेला कसली परवानगी? पोस्टात जायला रस्त्याला विचारतं का कुणी?"

मी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं.

आताच्या मालकाला आधी कळवून आम्ही त्याच्या शेतात शिरलो, शेजारीण आजींचा हात धरून. मूरवरून धुकं उतरलं आणि दहा मिनिटांत पलीकडचं हेज दिसेनासं झालं. कॉर्नवॉलचं हेज म्हणजे नुसतं कुंपण नाही. दोन्ही बाजूंनी दगड, पोटात माती, वर झुडपं असा आपल्या गडग्याचा दणकट भाऊ. धुक्यात मला माझ्या यंत्रावरचा ठिपकाच काय तो दिसत होता. आजी मात्र त्याच चालीनं चालत राहिल्या. "उतार संपला ना? आता वारा डाव्या गालावर येईल. आला की उजवीकडे वळ." वारा आला. आम्ही वळलो. समोर कुलूपबंद फाटक, आणि त्याच्या शेजारी ब्लॅकबेरीची काटेरी जाळी.

"स्टाइल इथं आहे," आजी काठीनं जाळीकडे दाखवत म्हणाल्या. स्टाइल म्हणजे गडगा ओलांडायच्या पायऱ्या. माझ्या आधीच्या पाहणीत तिथं काहीच नोंदलं गेलं नव्हतं, जाळीच एवढी माजली होती. मी जाड हातमोजे चढवले आणि कात्री चालवली. अर्ध्या तासानं हिरव्या शेवाळाखाली स्लेटच्या दगडाची फळी दिसली. जवळच्या डेलाबोलच्या खाणीतली असावी, या भागात तीच वापरतात. शेवाळ हातानं पुसलं. फळी कडांना धारदार होती आणि मधोमध ताटलीसारखी खोलगट, गुळगुळीत. वर पट्टी आडवी धरली, खाली टेपनं मोजलं. झीज चार सेंटिमीटर.

इथं मला थोडं बाजूला जायचंय. माझ्या लहानपणी आमच्या कलमांकडे जाणारी वाट शेजाऱ्यानं गडगा घालून बंद केली होती. १९०६ चा मामलेदार न्यायालयांचा कायदा आजही लागू आहे. अडथळा आल्यापासून सहा महिन्यांत दावा लावावा लागतो. वडिलांनी लावला. पाहणीच्या दिवशी त्या पाखाडीची, म्हणजे पायऱ्यांच्या वाटेची, जांभ्याची पायरी अशीच मधोमध खोल गेलेली मी पाहिली होती, आणि सगळे मोठे लोक वाकून तिच्याकडे बघत होते. या पेशात मी त्या पायरीमुळे आले, असं मला खरंच वाटतं. मला आजींची वाट नकाशावर हवी होती. अहवालात हे लिहिता येत नाही, म्हणून इथं लिहिते.

एवढ्यात शेतमालक चार चाकांच्या क्वाड बाइकवरून आला. त्याची बाजू लिहून घेणं हेही माझंच काम, आणि ती खोटी नव्हती. कर्ज काढून शेत घेतलं, वकिलानं नकाशे तपासले, वाट कुठंच नव्हती. त्याच्याकडे वासरं असलेल्या गाई आहेत. कुत्रं घेऊन आलेल्या माणसावर अशी गाय धावून जाते, माणसं त्यात दगावतात. "उद्या इथं काही झालं तर कोण जबाबदार?" त्याचा आवाज चढला नव्हता, थकला होता.

मी सांगितलं की वाट सिद्ध झालीच, तर ती वळवण्यासाठी १९८० च्या हायवेज ॲक्टमध्ये कलम ११९ आहे, पण ती पुढची, वेगळी प्रक्रिया.

आजी मधेच म्हणाल्या, "गाई व्यायच्या दिवसांत आम्ही मधून जायचोच नाही. वरच्या अंगानं, हेजला धरून जायचो."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. मी मात्र मनातून चरकले, कारण लोक एकाच रेषेत चालले का, हाही प्रश्न निकालात येतो. तरी लिहिलं. त्यांनी सांगितलं होतं, म्हणून लिहिलं.

परतायची वेळ झाली. शेजारणीची गाडी पलीकडे रस्त्यावर उभी होती. मालकानं खिशातून किल्ली काढली, फाटक उघडलं आणि बाहेर जाऊन उभा राहिला. "इकडून या, सोपं पडेल."

"नको," आजी म्हणाल्या. "वाट इकडून आहे."

मी त्यांचं कोपर धरलं. त्यांनी काठीनं फळी चाचपली, बूट बरोबर त्या खोलगट जागी ठेवला आणि वर चढल्या. दुसरा पाय पलीकडे टाकायचा तर खाली धरायला काही नव्हतं. मालक दोन पावलं पुढे आला आणि त्यानं हात वर केला. आजींनी तो धरला.