ट्यूब बदलल्या, पण बेस आला नाही

दुरुस्तीच्या टेबलावर सर्वांत जास्त वेळ खातो तो बिघाड नसलेला ॲम्प. जळलेला रेझिस्टर वासावरूनही सापडतो, पण सगळं ठणठणीत असताना गिऱ्हाईक म्हणतं, "आवाजात दम नाही," तेव्हा शोधायचं तरी काय?

हा हेडफोन ॲम्प तसाच आला होता. ओटीएल, म्हणजे आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेला. पुढच्या टप्प्यात ६एसएन७, आउटपुटला ६०८०, या त्यातल्या ट्यूब, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्या. आणणारे गृहस्थ मोठे हौशी. तक्रार त्यांनी व्यवस्थित लिहूनच आणली होती: खोल बेस नाही, मधला बेस फुगलेला, आणि वाद्यमेळ चढला की सगळा गलका. त्यांच्या मित्राकडे हाच ॲम्प आणि हाच हेडफोन, बायरडायनॅमिकचा डीटी ८८०. तिथे म्हणे आवाज असा की उठावंसं वाटत नाही. म्हणून यांनीही तीच जोडी जमवली. हेडफोन तेवढा जुना, कुणाकडून तरी घेतलेला.

"सगळ्या ट्यूब बदलून झाल्या," ते म्हणाले आणि एक डबा टेबलावर ठेवला. जुन्या साठ्यातल्या, न वापरलेल्या, कापसात गुंडाळलेल्या ६एसएन७ आणि ६०८०. आता आणखी एक जोडी मागवायच्या बेतात होते.

ॲम्प उघडला. इथे घाई करून चालत नाही. आत दीडशे-दोनशे व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते कपॅसिटरमध्ये रेंगाळतात. व्होल्टेज तपासले, बायस (ट्यूबचा स्थिर करंट ठरवणारं व्होल्टेज) तपासला. दोन्ही चॅनेल सारखे. ६०८० तापलेली होती, पण ती तापणारच. तिचा नुसता हीटरच ६.३ व्होल्टला अडीच अँपिअर ओढतो. ३०० ओहमचा डमी लोड (हेडफोनऐवजी नुसता रेझिस्टर) लावला, साइन वेव्ह, म्हणजे एकाच स्वराची साधी लहर, सोडली. स्कोपच्या पडद्यावरची लहर गुळगुळीत. २० हर्ट्झलाही फारसं काही पडलं नाही.

"बघा, ॲम्प तर चांगला आहे," मी म्हणालो. त्यांचा चेहरा पडला. बिघाड नाही म्हटल्यावर माणसाला आनंद व्हायला हवा, पण होत नाही. आपल्या कानांवर शंका घेतली असं त्यांना वाटतं. आणि मला त्यांच्या कानांवर शंका नव्हती. ऐकणारा माणूस इतकं नेमकं लिहून आणतो तेव्हा काहीतरी असतंच.

मग हेडफोन हातात घेतला. मल्टिमीटरची एक पिन जॅकच्या टोकाला, दुसरी बुडाशी. आकडा आला तिशीच्या आसपास. दुसरा चॅनेलही तेवढाच.

डीटी ८८० हे मॉडेल ३२, २५० आणि ६०० ओहम अशा तीन प्रकारांत निघालं आहे. तिन्ही दिसायला भावंडंच. मल्टिमीटर डीसी रेझिस्टन्स दाखवतो, तो छापील ओहमच्या जवळपास येतो, त्यामुळे कुठला प्रकार हे लगेच कळतं. मित्राला तिथूनच फोन लावला. त्यांचा निघाला ६०० चा.

"पण मग आवाज कमी यायला हवा होता ना? मला तर व्हॉल्यूम त्याच्याएवढाच लागतो." गृहस्थांचा हा प्रश्न मला फार आवडला, कारण सगळी गंमत त्यातच होती.

दोन्ही प्रकारांची छापील संवेदनशीलता एकच, एका मिलिवॉटला ९६ डेसिबल. जोरकस ठिकाणी ११० पर्यंत जायचं तर दोघांनाही साधारण २५ मिलिवॉट लागतात. पण हे २५ मिलिवॉट ६०० ओहमवर म्हणजे जवळजवळ ४ व्होल्ट आणि साडेसहा मिलिअँपिअर, तर ३२ ओहमवर म्हणजे पाऊण-एक व्होल्ट आणि २८ मिलिअँपिअर. ट्यूब स्वभावाने व्होल्टवाली. चार काय, दहा व्होल्टही हसत देईल. करंट मागितला की मात्र तिच्या जिवावर येतं.

त्यात या ॲम्पचा स्वतःचा आउटपुट इम्पीडन्स, म्हणजे बाहेर जाणाऱ्या सिग्नलला आतूनच होणारा विरोध, १२० ओहमच्या आसपास भरला. ६०० ओहमच्या हेडफोनला त्यापायी दीड डेसिबलचा तोटा. ३२ ला तेरा-साडेतेरा. पण ३२ चा हेडफोन तेवढ्याच व्होल्टला साडेबारा डेसिबल जास्त वाजतो. म्हणजे एका हाताने गेलं ते दुसऱ्या हाताने आलं, आणि व्हॉल्यूमचं बटण दोघांकडे एकाच ठिकाणी. म्हणूनच यांना संशय आला नव्हता.

डमी लोड ३२ चा लावून पुन्हा मोजलं. आउटपुटला ३३ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर होता. ६०० वर तो सात हर्ट्झच्याही खाली कापतो, ३२ वर मात्र ३२ हर्ट्झलाच तीन डेसिबल खाली. खोल बेस गेला तो इथे. मधला बेस फुगायचं कारण वेगळं. ड्रायव्हर म्हणजे हेडफोनमधला छोटा स्पीकर. त्याच्या रेझोनन्सपाशी, म्हणजे तो आपसूक जास्त थरथरतो त्या स्वरापाशी, हेडफोनचा इम्पीडन्स वाढतो, आणि ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या चौपट असला की ती वाढ थेट आवाजात उतरते. राहिला गलका. आवाज चढवल्यावर लहरीची खालची बाजू बसायला लागली होती. हे मात्र स्कोपवर त्यांनी स्वतःच आधी पाहिलं. "हे काय, इथे चपटं होतंय!" म्हणत बोट काचेवर टेकवलं.

मग टेबलाखालचा माझा ३०० ओहमचा हेडफोन, सेनहायझर एचडी ६५०, त्यांच्या हातात दिला. ॲम्प तोच, ट्यूब त्याच. ते बराच वेळ काही बोललेच नाहीत.

एचडी ६५० वरही १२० ओहमचा परिणाम होतोच, पण तिथे तो कानाला गोड लागतो. बेसच्या रेझोनन्सला त्याचा इम्पीडन्स ३०० वरून पाचशेच्या आसपास चढतो, म्हणून तिथे साधारण एक डेसिबल जास्त मिळतो. 'ट्यूबची ऊब' म्हणून जे वाखाणलं जातं त्यात याचा वाटा बराच मोठा आहे, असं माझं मत. ट्यूबच्या काचेवरच्या जुन्या छापापेक्षा नक्कीच मोठा. आउटपुट इम्पीडन्स हेडफोनच्या एक-अष्टमांश हवा, असा नियम सांगतात. तो सपाट प्रतिसादासाठी ठीक आहे, पण त्या हिशेबाने हा ॲम्प ६०० च्या हेडफोनलाही नापास. तरी मित्र खूश आहेतच, आणि त्यात चुकीचं काही नाही.

मग त्यांनी विचारलं, नवा ॲम्प घेतला असता तर काय विचारून घ्यायचं? मी म्हटलं, ट्यूबचं नाव सगळ्यात शेवटी. आधी आउटपुट इम्पीडन्स आणि आउटपुटचा कपॅसिटर. मग गेन, म्हणजे ॲम्प सिग्नल किती पट वाढवतो ते. हे कुणी विचारत नाही. डॅकमधून (डिजिटल संगीताचा सिग्नल करणारं यंत्र) दोन व्होल्ट येत असताना पंधरा पट गेन कशाला? बटण जरा हललं की कान फुटतात, आणि अगदी तळाला पोटेन्शिओमीटरचे, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणामागच्या भागाचे, दोन चॅनेल सारखे चालत नाहीत, गायक एका कानात सरकतो. शिवाय पुढे कमी ओहमचा हेडफोन, प्लेनर (पातळ सपाट पडद्याचा) वगैरे, घ्यायचा विचार असेल तर ओटीएलच्या वाटेला जाऊच नका. आउटपुट ट्रान्सफॉर्मरवाला घ्या. तो जड असतो, महाग पडतो, पण ३२ ओहमलाही करंट देतो. आणि ओटीएल असेल तर ट्यूब तापल्याशिवाय हेडफोन खुपसू नका, सुरुवातीचा धक्का ड्रायव्हरला बसतो.

"म्हणजे ॲम्प विकू?"

"ॲम्प कशाला? हेडफोन बदला. हा ३२ चा साध्या फोनवरही छान वाजेल, कुणीही घेईल."

पटलं त्यांना. निघताना कापसातला डबा उचलला आणि थांबले. "आणि या ट्यूब?"

मूळच्या ट्यूब लावून मी पुन्हा मोजलं होतं. फरक होता, पण लोड बदलल्यावर पडलेल्या फरकापुढे तो काहीच नव्हता. तसं सांगितलं. "ठेवा जपून," म्हटलं, "६०८० कधी ना कधी जाणारच आहे."