डॉप्लर प्रकल्प, पुढची नोंद: जागा शोधणं आणि जागा पडताळणं

मंडळी, मागच्या नोंदीपर्यंत आपण उपग्रहाच्या बीकनचा (त्याच्या खुणेच्या सिग्नलचा) डॉप्लर वक्र, म्हणजे उपग्रह जवळ येताना आणि लांब जाताना वारंवारता कशी बदलते त्याचा आलेख, घेऊन त्यावरून अँटेनाची जागा काढत होतो. आता प्रश्न थोडा बदलला आहे. कुणीतरी सांगतं, "मी अमुक अक्षांश-रेखांशावर आहे." ते मान्य करायचं की नाही, एवढंच ठरवायचं. काम सोपं वाटतं, आणि काही बाबतींत ते खरंच सोपं आहे.

हा प्रश्न सुचला तो उपग्रहाशी थेट बोलणाऱ्या मोबाइलमुळे. थ्रीजीपीपी या मोबाइल मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या रिलीज १७ मध्ये फोनने आपली जागा जीएनएसएसवरून (जीपीएससारख्या उपग्रहांवरून) स्वतःच काढायची, असं धरलेलं आहे. जमिनीवरच्या टॉवरचं नेटवर्क असेल तर फोन साधारण कुठे आहे हे सेलवरूनच (टॉवरच्या टप्प्यातल्या भागावरूनच) कळतं. उपग्रहाचा एक बीम (सिग्नलचा एक झोत) मात्र सहज पन्नास किलोमीटर किंवा त्याहून मोठा भाग व्यापतो आणि त्यात दोन देशांची सीमासुद्धा येऊ शकते. आपत्कालीन कॉल कुणाकडे वळवायचा, कायदा कुठला लागू करायचा, बिल कुठल्या दराने लावायचं, हे सगळं फोनच्या शब्दावर सोडणं बरोबर नाही. म्हणून रिलीज १८ मध्ये नेटवर्कने स्वतः पडताळणी करायची सोय आली. अपेक्षा ५ ते १० किलोमीटरची आहे, म्हणजे जमिनीवरच्या एखाद्या मोठ्या सेलएवढी.

आपल्याकडे परवाना फक्त ऐकण्याचा, त्यामुळे मी गणित उलट बाजूने मांडलं. उपग्रह बोलतो, मी ऐकतो. भूमिती तीच राहते. ४३५ मेगाहर्ट्झच्या आसपास बीकन देणारे, ६०० किलोमीटरच्या जवळपास उंचीवरून फिरणारे छोटे उपग्रह, एक आरटीएल-एसडीआर (संगणकाला जोडायचा स्वस्त रेडिओ रिसीव्हर), ताजं टीएलई (उपग्रहाच्या कक्षेचे आकडे) आणि पायथनमध्ये एसजीपी४ (त्या आकड्यांवरून उपग्रह कुठे आहे ते काढणारं गणित). अँटेना कुठे आहे ते मला पक्कं माहीत आहे. मग प्रोग्रॅमला मुद्दाम खोटी जागा द्यायची, तिथून वक्र कसा दिसला असता ते काढायचं आणि नोंदवलेल्या वक्रातून वजा करायचं. उरतं ते अवशेष. रिसीव्हरच्या क्रिस्टलची चूक (१ पीपीएम, म्हणजे दहा लाखांत एक, इथे ४३५ हर्ट्झ) एक अज्ञात संख्या धरून आधीच काढून टाकतो.

जागा उपग्रहाच्या मार्गाच्या दिशेने २० किलोमीटर सरकवली की काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. उपग्रहाची जमिनीवरची सावली सेकंदाला सुमारे ६.९ किलोमीटर पळते, म्हणजे खोट्या जागेचा वक्र जवळपास तीन सेकंद पुढे-मागे होतो. पासच्या (उपग्रहाच्या आकाशातल्या एका फेरीच्या) दोन्ही टोकांना वक्र आडवाच असतो, तिथे काही कळत नाही. मधे, जिथे वारंवारता सर्वांत वेगाने घसरते, तिथे अवशेषात दोन-अडीचशे हर्ट्झची टेकडी उभी राहते. वॉटरफॉलवर (वेळेनुसार वारंवारता दाखवणाऱ्या चित्रावर) नुसत्या डोळ्यांनीही ती सुटत नाही. मार्गाच्या दिशेने खोटं बोलणं त्यामुळे फार अवघड आहे.

आडव्या दिशेची गोष्ट वेगळी, आणि या नोंदीत मला मुख्यतः तेच सांगायचं आहे. उपग्रहाच्या मार्गापासून तुम्ही किती लांब आहात, हे वक्राच्या मधल्या उतारावरून कळतं. उपग्रह थेट डोक्यावरून, ६०० किलोमीटरवरून गेला तर उतार सेकंदाला सव्वाशे हर्ट्झच्या आसपास असतो. बाजूने गेला आणि सर्वांत जवळचं अंतर १,००० किलोमीटर असेल (क्षितिजापासून कमाल उंची साधारण ३३ अंश), तर तो पाऊणशेवर येतो. आता डोक्यावरच्या पासमध्ये १० किलोमीटर आडवं सरका. तिरकं अंतर शंभर मीटरही वाढत नाही. उतार जवळजवळ तसाच, अवशेष सपाट, आणि खोटा दावा आरामात पास! हेच १० किलोमीटर मार्गापासून ५०० किलोमीटरवर असताना सरकलात, तर अंतर जवळपास सात किलोमीटरने बदलतं.

म्हणजे सिग्नल सर्वांत ठणठणीत देणारा, आपण सगळे ज्याची वाट बघतो तो डोक्यावरचा पास पडताळणीसाठी सर्वांत कमकुवत. प्रतिबिंबामुळे त्यात आणखी भर पडते. एका उपग्रहाच्या एका पासवरून नेहमी दोन उत्तरं मिळतात, मार्गाच्या डाव्या आणि उजव्या बाजूला; त्यांतलं खोटं ते प्रतिबिंब. १९८२ पासून उपग्रह वापरणाऱ्या कोस्पास-सारसॅट या आपत्कालीन शोध-बचाव यंत्रणेच्या डॉप्लर पद्धतीतही हीच दोन उत्तरं येत. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, त्यामुळे दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या राहत नाहीत, आणि त्यातून खरी बाजू कुठली याचा अंदाज बांधता येतो. पण पडताळणीत प्रतिबिंब किती लांब पडतं यावर सगळं अवलंबून आहे. १,००० किलोमीटरच्या पासमध्ये ते जवळपास दीड हजार किलोमीटरवर पडतं. तिथला बीमच वेगळा, त्यामुळे तो दावा तिथेच बाद. मार्ग तुमच्यापासून ५० किलोमीटरवरून गेला असेल तर प्रतिबिंब फक्त १०० किलोमीटरवर, म्हणजे शेजारच्याच बीममध्ये. यापुढे पडताळणीसाठी मी २५ ते ५० अंश कमाल उंचीचेच पास घेणार आहे.

खऱ्या नेटवर्कला मात्र हा डॉप्लर असा आयता मिळत नाही. फोन आपली जागा आणि एसआयबी१९ मधून (नेटवर्क सगळ्या फोनना पाठवतं त्या माहितीतून) आलेली उपग्रहाची एफेमेरिस (त्याची जागा आणि वेग) वापरून डॉप्लर व विलंब दोन्ही आधीच भरून काढतो. म्हणून रिलीज १८ मध्ये भर आहे तो एकाच उपग्रहाने वेगवेगळ्या क्षणी मोजलेल्या सिग्नलच्या जाण्या-येण्याच्या वेळेवर. एक मायक्रोसेकंद म्हणजे १५० मीटर अंतर. उपग्रह दहा सेकंदांत ७५ किलोमीटर पुढे जातो, त्यामुळे प्रत्येक मोजणीचं वर्तुळ (तेवढ्या अंतरावरच्या सगळ्या जागा) जमिनीवर वेगळ्या ठिकाणी पडतं. वर्तुळं पुन्हा दोन बिंदूंतच छेदतात. प्रतिबिंब इथेही सुटत नाही.

डॉप्लर भरून काढल्यावरही काहीतरी उरतं, याचं सर्वांत गंभीर उदाहरण २०१४ मध्ये बेपत्ता झालेल्या एमएच३७० विमानाचं. इन्मारसॅट या कंपनीच्या एका भूस्थिर उपग्रहाशी झालेल्या संकेतांच्या वेळांवरून फक्त अंतराची वर्तुळं मिळत होती. विमान उत्तरेकडे गेलं की दक्षिणेकडे, ते त्यांतून ठरत नव्हतं. विमानातलं टर्मिनल डॉप्लर भरून काढताना उपग्रह विषुववृत्तावर स्थिर आहे असं धरत होतं. प्रत्यक्षात तो किंचित उत्तर-दक्षिण सरकत होता. त्या फरकातून वारंवारतेत जे थोडं उरलं, त्यानेच दक्षिणेची बाजू दाखवली. ही आकडेमोड मी पुन्हा पुन्हा वाचतो. २३९ माणसांचा माग त्या उरलेल्या हर्ट्झमध्ये होता.

आता मुद्दाम फसवणारा फोन. जीएनएसएसलाच कुणी खोटी जागा दाखवली असेल, तर फोनची विलंबभरपाईच चुकते. तिरक्या अंतरात १० किलोमीटरची चूक म्हणजे जाण्या-येण्यात सुमारे ६७ मायक्रोसेकंद, आणि १५ किलोहर्ट्झच्या सबकॅरिअरला (सिग्नलच्या एका उपवाहकाला) सायक्लिक प्रीफिक्स, म्हणजे वेळेची चूक सोसायला ठेवलेली मोकळीक, पाचही मायक्रोसेकंदांचा नसतो. ही चूक नेटवर्कला पहिल्याच संपर्कात दिसते. पण फोनला खरी जागा माहीत असेल आणि तो फक्त अहवालात खोटी लिहीत असेल, तर गोष्ट अवघड होते. खोट्या जागेला शोभेल असा विलंब प्रत्येक क्षणी मोजून घालणारा फोन एका उपग्रहाला फसवू शकतो. दोन उपग्रहांनी एकच प्रक्षेपण एकाच वेळी ऐकलं तर मात्र फोनने ते कधी पाठवलं याला महत्त्व राहत नाही. दोन्हीकडे पोहोचण्यातला फरक फक्त जागेवर ठरतो. माझ्या मते खात्रीची पडताळणी हीच. एका उपग्रहाची पडताळणी प्रामाणिक पण चुकलेल्या उपकरणांपुरती धरावी.

पुढचं काम टीएलईचं आहे. त्यातली मार्गाच्या दिशेची चूक दिवसाला किलोमीटर-दोन किलोमीटर वाढत जाते आणि ती थेट आपल्या निकालात उतरते. माझा विचार असा: जागा माहीत असलेल्या एका स्टेशनच्या (इथे माझ्याच) नोंदीतून आधी उपग्रहाची वेळ दुरुस्त करायची, आणि मगच दावा तपासायचा. ज्यांची स्टेशनं दोन-तीनशे किलोमीटरच्या अंतराने आहेत आणि एकाच पासचं आयक्यू रेकॉर्डिंग (कच्च्या रेडिओ सिग्नलची नोंद) देऊ शकतात, त्यांनी कळवा. जीपीएसने लॉक केलेला ऑसिलेटर असेल तर उत्तमच, नसला तरी चालेल. फक्त संगणकाचं घड्याळ एनटीपीवर (इंटरनेटवरून वेळ जुळवणाऱ्या सेवेवर) असू द्या आणि रेकॉर्डिंग सुरू झाल्याची वेळ फाइलच्या नावात लिहा. स्टेशनची खरी जागा मात्र मला आधी सांगू नका. एक खरी आणि दोन खोट्या अशा तीन जागा पाठवा, खरी कोणती ते मी ओळखून दाखवतो.