फ्रँकफर्टमधली माझी मांडणी

फ्रँकफर्टला भाड्याचं घर शोधत होतो तेव्हा पहिल्याच घरात एजंटने "आणि हे किचन" म्हणून दार उघडलं आणि आत होती एक रिकामी खोली. भिंतीतून पाण्याचे पाइप बाहेर आलेले, शेगडीसाठी एक जाड वायर लोंबत होती, बास. ओटा नाही, सिंक नाही, कपाटांचं तर नावच नको. मी नवऱ्याला हळूच विचारलं, अरे काम अर्धवट राहिलंय का? तर नाही, जर्मनीत बरीचशी भाड्याची घरं अशीच मिळतात. किचन भाडेकरूने स्वतः आणायचं, लावायचं आणि घर सोडताना उचकटून घेऊन जायचं. घरांच्या जाहिरातीत ईबीके अशी तीन अक्षरं दिसली की समजायचं, आत बसवलेलं किचन आहे. कधी कधी आधीचा भाडेकरू स्वतःचं किचन पुढच्याला विकून जातो, त्या पैशांना आब्लोझं म्हणतात. हे शब्द इथे आल्यावर पहिल्या महिन्यात पाठ होतात.

आम्हाला तीन अक्षरंवालं घर काही मिळालं नाही, त्यामुळे किचन आम्हीच केलं. साठ सेंटिमीटर रुंद, साठ सेंटिमीटर खोल असे ठरलेल्या मापाचे कप्पे मिळतात ते आणून जोडायचे, वर लाकडी फळीचा ओटा टाकायचा. शनिवारी जेवढं होईल तेवढंच, कारण रविवारी ड्रिल चालवायचं नाही, रविवार म्हणजे शांतता हे इथे सगळे मनापासून पाळतात आणि आता मलाही ते फार आवडायला लागलंय. तीन शनिवार गेले. तेवढे दिवस इंडक्शनची एक शेगडी खिडकीत ठेवून मुगाची खिचडी आणि पिठलं यावर आम्ही राहिलो.

आणि मग आला माझा आवडीचा भाग, सामान लावायचा. कितीतरी महिने फोनवर फोटो साठवून ठेवले होते, खिडकीजवळ उघड्या फळ्या, त्यावर एकाच मापाच्या काचेच्या बरण्या, प्रत्येकीत वेगळा रंग, हळद, तिखट, मसूर, मूग, हिरवे वाटाणे. तसंच केलं. एका दुकानातून फिरकीच्या झाकणाच्या चोवीस सारख्या बरण्या आणल्या, मसाल्यांच्या बरण्या शेगडीच्या वरच्या फळीवर आणि डाळी खिडकीपाशी, फळीवर मावल्या नाहीत त्या कपाटात. सकाळचं ऊन त्यातून आलं की खरंच इतकं सुंदर दिसायचं की मी चहा घेऊन नुसती बघत बसायचे.

चार-पाच महिन्यांत हळद फिकी पडली. हळदीचा रंग ज्या कर्क्युमिनमुळे असतो ते उजेडाने खराब होतं, तिखटाचंही तेच. शेगडीच्या वाफेने धने-जिऱ्याच्या पुडीचे खडे झाले, गोड्या मसाल्याचा वास गेला. तो मसाला आईने कुटून पाठवलेला, मला फार वाईट वाटलं त्याचं. आणि मग एक दिवस छताला एक लहानसं पाखरू बसलेलं दिसलं, दुसऱ्या दिवशी तीन, आठवड्याने कणकेच्या पिशवीत जाळी.

खालच्या मजल्यावरच्या आजींना दाखवलं तर त्या म्हणाल्या, लेबन्समिटेलमोटं, म्हणजे धान्यातला पतंग, सगळ्यांकडे होतो कधी ना कधी, घाबरू नकोस. नंतर वाचलं तर इंग्रजीत त्याचं नाव इंडियन मील मॉथ, मी क्षणभर दचकलेच, आपल्याकडून आला की काय! पण त्या नावातलं इंडियन मील म्हणजे अमेरिकेतलं मक्याचं पीठ. पतंग स्वतः काही खात नाही, खातात त्याच्या अळ्या, आणि त्या कागदी आणि पातळ प्लास्टिकच्या पिशव्या कुरतडून आत जातात, फिरकीच्या झाकणाच्या आट्यांमधूनसुद्धा सरकतात. म्हणजे माझ्या चोवीस बरण्यांपैकी एकही खरी बंद नव्हती.

उपाय इथे जो करतात तो मला आधी विचित्र वाटला आणि आता मी सगळ्यांना सांगते. एक छोटं कार्ड मिळतं, त्यावर ट्रायकोग्रामा नावाच्या, डोळ्यांना जेमतेम दिसतील एवढ्या बारीक गांधीलमाश्या असतात, त्या पतंगाच्या अंड्यांत आपली अंडी घालतात आणि पतंगाची पुढची पिढी तिथेच थांबते. दर दोन-तीन आठवड्यांनी नवीन कार्ड ठेवायचं, अंडी संपली की त्या माश्याही संपतात. शिवाय प्रत्येक कप्पा रिकामा करून स्क्रूच्या भोकांसकट पुसून काढायचा, आणि नवीन आणलेली डाळ, रवा, पोहे आधी आठवडाभर उणे अठरा डिग्रीच्या फ्रीझरमध्ये. आपल्याकडे मे महिन्यात गच्चीवर वाळवण घालतो, तुरीच्या डाळीला एरंडेल चोळतो, तांदळात कडुलिंबाचा पाला घालतो ना, तेच काम इथे फ्रीझर करतो. ऊन कमी तर थंडी वापरायची. मला ते पटलं.

सगळं किचन रिकामं असताना, डबे जेवणाच्या टेबलावर आणि सोफ्यावर पसरलेले असताना एका शनिवारी मैत्रीण म्हणाली, चल, तुला एक किचन दाखवते. यू-वन ही मेट्रो पकडून र्‍योमरश्टाट या भागात गेलो. तिथे एर्न्स्ट-माय-हाउस म्हणून एक छोटंसं घर म्युझियम करून जपलंय. पहिल्या महायुद्धानंतर फ्रँकफर्टमध्ये घरांची प्रचंड टंचाई होती, तेव्हा एर्न्स्ट माय या आर्किटेक्टच्या हाताखाली शहराने हजारो छोटी घरं बांधली, आणि त्या घरांसाठी 1926 मध्ये मार्गारेटं श्युटं-लिहोत्स्की या बाईने एक किचन आखलं, फ्रँकफर्ट किचन म्हणून ते जगभर ओळखलं जातं. साधारण 10,000 घरांत ते बसवलं गेलं. ज्या गावात मला किचनच्या नावाने रिकामी खोली दाखवली होती, त्याच गावात ओटा-कपाटांसकट किचन बांधून द्यायची ही कल्पना एवढी मोठी झाली होती, हे मला त्या दिवशी कळलं आणि मी दारातच उभी राहिले.

केवढं असेल ते? रुंदी 1.9 मीटर, लांबी 3.4 मीटर. आपल्या चाळीतल्या स्वयंपाकघराएवढं. बाईंनी रेल्वेच्या डायनिंग कारमधलं किचन बघितलं होतं, एवढ्याशा जागेत एवढ्या लोकांचं जेवण कसं होतं त्याचा अभ्यास केला होता, स्वयंपाक करताना किती पावलं पडतात, कुठली वस्तू कितीदा लागते याचा हिशोब मांडला होता. खिडकीसमोर कापाकापीचा ओटा, तिथे बसायला फिरतं स्टूल, सालं ढकलायला ओट्यातच खण. आणि ज्यासाठी मी हे सगळं सांगतेय ते म्हणजे ॲल्युमिनियमचे छोटे ड्रॉवर, ओळीने. प्रत्येकाला मूठ, पुढे निमुळती चोच आणि दर्शनी बाजूवर कोरलेलं नाव, साखर, तांदूळ, डाळ. ड्रॉवर आख्खा बाहेर ओढायचा, चोचीने पातेल्यात ओतायचा आणि परत सरकवून द्यायचा. झाकण नाही, चमचा नाही, दुसरा हात मोकळा. पिठाचा खण मात्र ओकच्या लाकडाचा, त्या लाकडातल्या टॅनिन या तुरट द्रव्यामुळे पिठात किडे होत नाहीत म्हणून. कपाटं निळसर, कारण निळ्या रंगावर माश्या बसत नाहीत असं तेव्हा मानत. म्हणजे बघा, तिथे जे काही देखणं होतं त्या प्रत्येकामागे काहीतरी काम होतं. (या बाई पुढे नाझींच्या विरोधात उभ्या राहिल्या, 1941 मध्ये पकडल्या गेल्या, 1945 पर्यंत तुरुंगात होत्या, आणि 2000 साली, एकशे तिसऱ्या वाढदिवसाला पाच दिवस उरले असताना गेल्या. त्यांच्याबद्दल कधीतरी वेगळं लिहायचंय मला.)

मला त्या ड्रॉवरपाशी वाईची आज्जी आठवली. तिच्याकडे मांडणी होती, पितळी डबे उतरत्या क्रमाने, कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, भिंतीत फडताळ. लहानपणी मला ते सजवलेलं वाटायचं. पण आज्जी अंधारातसुद्धा, लाइट गेलेली असताना, न बघता बरोबर मेथ्यांचा डबा काढायची. उतरंडीत तळाला वर्षातून एकदा लागणारं बियाणं, वरच्या मडक्यात रोजचं. आणि मी काय केलं होतं, तर साठ सेंटिमीटर खोल कपाटात पुढे बरण्या, मागे बरण्या, म्हणजे उतरंड आडवी पाडली होती आणि रोजची तूरडाळ तळाशी घातली होती.

त्यानंतर परत लावलं ते पूर्ण वेगळं. ओट्याखालच्या कपाटांची दारं काढून तिथे खोल ड्रॉवर बसवले, त्यामुळे वरून बघितलं की सगळं एका नजरेत दिसतं आणि मागे काही हरवत नाही. डब्यांच्या झाकणावर नाव, कारण ड्रॉवरमध्ये झाकणच दिसतं, बाजूला चिकटवलेलं लेबल कोणाला दिसणार. नावं देवनागरीत, मुलीने मोठ्या अक्षरात लिहिलीयत, तिचा "ज्व" अजून वाकडा येतो पण ज्वारीचा डबा तोच राहणार. मसाले शेगडीवरून हलवले, आता शेगडीच्या उजव्या हाताच्या पहिल्या ड्रॉवरमध्ये, मिसळणाच्या डब्यात. खरं सांगते, जगात कुठेही गेलात तरी मिसळणाच्या डब्यापेक्षा हुशार वस्तू मला दिसलेली नाही, सात वाट्या, एक झाकण, फोडणीला लागणारं सगळं एका हातात, उजेड नाही, वाफ नाही. जास्तीचा मसाला फ्रीझरमध्ये. स्टीलचे डबे मी पुण्याहूनच आणले, बॅगेत रिकामे आणत नाही, त्यात भाजणी, मेतकूट, कोकम भरून आणते म्हणजे जागाही वाया जात नाही. तूप मात्र आणायचं नाही, दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनच्या बाहेरून इथे आणायला बंदी आहे. इथलं बिनमिठाचं लोणी कढवा, सुरेख तूप होतं.

काचेचं वेड गेलं नाही, पण आता रबराची रिंग असलेल्या वेक कंपनीच्या बरण्या घेतल्यात, काचेचं झाकण आणि दोन चिमटे. इथे घरोघरी त्यात फळं, भाज्या टिकवतात, त्या कंपनीच्या नावावरून भाषेत आइनवेकन असं क्रियापदच आलंय. त्यात रवा, पोहे, साबुदाणा ठेवते, कपाटाच्या आत. उघड्या फळीवर आता फक्त रोज हातात येणारं, आईने दिलेला पितळी खलबत्ता, चहाचे कप आणि तुळशीची कुंडी. रिकामी जागा सोडायला मला खूप जड गेलं, पण जेवढी फळी रिकामी तेवढी ती छान दिसते हे आता कळतंय.

पोळीचा कोपरा सगळ्यात जास्त विचार करून केला. इथले ओटे नव्वद सेंटिमीटरच्या आसपास, माझ्या उंचीला पोळी लाटताना खांदे भरून यायचे. म्हणून खिडकीखाली पंच्याहत्तर सेंटिमीटरचं साधं जेवणाचं टेबल ठेवलं, त्यावर पोळपाट, खाली कणकेचा डबा, डावीकडे तेलाची वाटी, आणि वळलं की तवा. एक पाऊलही टाकावं लागत नाही. कणीक म्युन्शनर श्ट्रासंवरच्या भारतीय दुकानातून दहा किलोची आणते, आधी हप्त्याहप्त्याने फ्रीझर, मग डबा. फराळाची मोठी पातेली, चकलीचा सोऱ्या, इडलीपात्र हे सगळं तळघरात, इथे बऱ्याच घरांना केलर म्हणून जाळीची एक खोली मिळते. कांदे-बटाटेही तिथेच, अंधार आणि गारवा, अगदी फडताळासारखं.

फ्रँकफर्ट किचनमधली एकच गोष्ट मी घेतली नाही. ते एकाच बाईने एकटीने काम करावं अशा मापाचं आहे, दुसरं माणूस आत आलं तर अडचण. त्यावर नंतर इथल्या बायकांनी टीकाही खूप केली, की स्वयंपाक सोपा केला पण बाई आत एकटीच राहिली. आमच्याकडे नवरा भाजी करतो आणि मी पोळ्या, मुलगी कोथिंबीर निवडते, म्हणून मधली वाट मी मुद्दाम रुंद ठेवलीय, एक ड्रॉवर कमी झाला तरी चालेल.

जूनमध्ये आई आली होती. मी काही दाखवलं नाही, सांगितलं नाही, सकाळी उठून बघते तर तिने पोहे केलेले, मोहरीपासून शेंगदाण्यापर्यंत सगळं तिला सापडलेलं. विचारलं तर म्हणाली, "अगं, हात गेला तिथे होतं." फक्त चहा-साखरेचे डबे तिने वरच्या कप्प्यातून काढून किटलीशेजारी ओट्यावर ठेवले होते, म्हणाली इतक्या वेळा लागतं ते वर कशाला. ती परत गेली, डबे अजून तिथेच आहेत.