सोलर किती किलोवॅटचं घ्यायचं? आधी बारा महिन्यांची बिलं काढा

घरावर सोलर बसवायचं ठरलं तेव्हा पहिला माणूस आला त्याने घरातल्या वस्तू मोजल्या, गिझर २ किलोवॅट, एसी दीड, इस्त्री १, पंपबिंप धरून ५, मग ५ किलोवॅटचंच घ्या म्हणाला. ऐकताना मला पटलंही होतं. पण रात्री बिल घेऊन बसले तर आमचे महिन्याचे युनिट ३०० च्या आसपास, म्हणजे दिवसाला १०, आणि ५ किलोवॅटचे पॅनल चांगल्या उन्हात दिवसाला २० युनिट सहज करतात. सरळ दुप्पट!

किलोवॅट आणि युनिट यांची गल्लत झाली की असंच होतं. किलोवॅट म्हणजे वस्तू एका वेळी किती जोरात वीज ओढते ते, आणि १ किलोवॅट तासभर चाललं की १ युनिट. गिझर २ किलोवॅटचा खरा, पण आमच्याकडे रोज अर्धा तासच चालतो, म्हणजे फक्त १ युनिट. फ्रिज बघायला गेलं तर १५० वॅटचा, पण तो दिवसरात्र चालू-बंद होत राहतो आणि गिझरइतकंच किंवा जास्तच खातो. आणि सिस्टीम ग्रिडला, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला, जोडलेली असेल तर सगळं एकदम चालू झालं तरी कमी पडेल ती वीज ग्रिडमधून येतेच, त्यामुळे उपकरणांची बेरीज करून साइज ठरवायचं काही कारणच नाही.

मग हिशोब कसा करायचा? बारा महिन्यांचे युनिट बेरीज करा, ३६५ ने भागा. आमचं उत्तर १० आलं. १ किलोवॅट पॅनल चांगल्या उन्हाच्या जागी दिवसाला साधारण ४ युनिट देतं, ढगाळ जागी ३ किंवा त्याहूनही कमी. १० भागिले ४, अडीच किलोवॅट. बास. वर्षभराचीच बिलं घ्या हां, एकट्या उन्हाळ्याच्या बिलावर ठरवलं तर बाकीचे महिने जास्तीची वीज होत राहते.

पॅनलवर लिहिलेले वॅट हे लॅबमधले असतात, पॅनलचं तापमान २५ अंश असताना मोजलेले. छतावर भर दुपारी पॅनल ६० अंशाच्या वर जातं आणि दर अंशाला ०.३ ते ०.४ टक्के वीज कमी होते, त्यात धूळ, वायर, इन्व्हर्टर (पॅनलची डीसी वीज घरच्या एसी विजेत बदलणारा डबा) यांचं नुकसान. वरच्या ४ युनिटमध्ये हे सगळं धरलंय, पुन्हा वजा करत बसू नका.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते, वीज वापरता कधी? जास्तीच्या युनिटचा ग्रिडकडून पूर्ण मोबदला मिळत असेल तर रात्री वापरलं काय नि दिवसा वापरलं काय, पण मोबदला कमी असेल तर मोठी सिस्टीम घेऊन दुपारची वीज कवडीमोलाने द्यायची आणि रात्री महाग परत घ्यायची, असं होतं. आम्ही वॉशिंग मशीन आणि पंप दुपारी लावायला लागलो, खूप फरक पडला. आणि ग्रिड गेलं की साधं सोलर पण बंद होतं, लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून. रात्री किंवा लाइट गेल्यावर वीज हवी असेल तर बॅटरी लागते, तिचा हिशोब वेगळा.

पुढे इलेक्ट्रिक गाडी घ्यायचीय का तेही आत्ताच विचारात घ्या, १०० किलोमीटरला १५ युनिट धरा. आमचा तो विचार चाललाय म्हणून आम्ही अडीचऐवजी ३ किलोवॅट घेतलं आणि इन्व्हर्टर थोडा मोठा, म्हणजे नंतर दोन पॅनल वाढवता येतील.

छतावर १ किलोवॅटला ८ ते १० चौरस मीटर मोकळी जागा लागते. सकाळी ९, दुपारी १२ आणि ३ वाजता स्वतः वर जाऊन सावली बघा, शक्यतो हिवाळ्यात, तेव्हा सूर्य खाली असतो आणि सावल्या लांब पडतात. एका पॅनलच्या कोपऱ्यावर सावली आली तरी ओळीतल्या बाकीच्यांवर परिणाम होऊ शकतो. आमच्या टाकीची सावली ३ नंतर बरोबर दोन पॅनलच्या जागेवर येत होती, ती जागा आम्ही रिकामी सोडली.