बासरीचा कागद

सकाळी साडेआठला ताईंचा फोन आला. दिवाळीला बारा दिवस उरलेले, फराळाच्या ऑर्डरी सुरू झालेल्या. आदल्याच रात्री त्यांच्या बचत गटाच्या यूट्यूब चॅनलवर भाजणीच्या चकलीचा व्हिडिओ चढवला होता.

"दादा, आपण कुणाचं गानं चोरलंय का हो? चॅनल बंद पडंल म्हणतीया पोरगी."

बारा बायकांनी दोन वर्षं खपून उभं केलेलं चॅनल. मी साताऱ्यात बसून त्यांचे व्हिडिओ एडिट करतो, संगीतही मीच निवडतो. उत्तर मलाच द्यायचं होतं.

आधी त्यांची धास्ती घालवली. आला होता तो क्लेम, म्हणजे 'यातलं संगीत आमचं' असा दावा; स्ट्राइक नव्हे. हक्कदार रीतसर तक्रार करून व्हिडिओ उतरवायला लावतो तेव्हा स्ट्राइक बसतो, आणि 90 दिवसांत असे तीन बसले तर चॅनल जातं. क्लेम बहुतेक वेळा आपोआप लागतो. यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे आवाज आपोआप ताडून पाहणाऱ्या यंत्रणेत, नोंदवलेल्या ध्वनिमुद्रणाशी आपला आवाज जुळला की झालं. मग जाहिरातीचे पैसे क्लेम करणाऱ्याकडे वळू शकतात. इथे तेच झालं होतं.

क्लेम 0:42 ते 2:10 या तुकड्यावर होता. म्हणजे मागे वाजणाऱ्या बासरीवर. ती मी एका संगीताच्या साइटवरून वर्गणी भरून घेतली होती आणि क्लेममध्ये नाव होतं कुठल्याशा भजनाचं. ते भजन लावलं, हेडफोन घालून दोनदा ऐकलं. गायकाच्या आवाजाखाली आमचीच बासरी! त्यानेही तोच ट्रॅक विकत घेतला असणार, त्यावर भजन म्हटलं असणार, आणि वितरकाने अख्खं गाणं बासरीसकट नोंदवून टाकलं. असा ट्रॅक कितीही जणांना विकला जातो, म्हणूनच तो एकट्याच्या नावाने कंटेंट आयडीत नोंदवायला आमच्या लायसन्समध्ये मनाई आहे. त्या गायकाला हे कुणी सांगितलंही नसेल.

लगेच डिस्प्यूट, म्हणजे क्लेमवर हरकत, टाकावासा वाटला, पण हात आवरला. चुकीचा डिस्प्यूट पुढे स्ट्राइक होऊन अंगावर येऊ शकतो. आधी स्वतःचं लायसन्स ओळ न् ओळ वाचलं. ते माझ्या नावावर होतं. गिऱ्हाइकाचं काम करायला परवानगी होती, पण गिऱ्हाइकाचं चॅनल माझ्या खात्यात जोडलेलं हवं, अशी अट होती. मी ते जोडलंच नव्हतं. पैसे भरलेत म्हणून मी निर्धास्त राहिलो, ही माझी चूक. आमच्या धंद्यात कुणी दहा सेकंदांपर्यंत चालतं म्हणतो, कुणी खाली नाव दिलं की झालं म्हणतो. दहा सेकंदांची सूट कायद्यात कुठेही नाही. नाव देऊन भागतं ते लायसन्स तसं सांगत असेल तरच, आणि त्यातही 'बिगरव्यावसायिक' असं लिहिलेलं असेल तर फराळाच्या जाहिरातीला तो ट्रॅक चालत नाही.

चॅनल जोडलं, साइटला घडलेलं सगळं खरं खरं लिहून पाठवलं. चार वाजता त्यांचं पत्र आलं: व्हिडिओ चढवल्या दिवसापासून लायसन्स लागू धरलं आहे. मग डिस्प्यूट टाकला. त्यात लायसन्सचा क्रमांक, खरेदीची तारीख आणि ट्रॅकचं नाव दिलं. क्लेम लागल्यापासून पाच दिवसांच्या आत टाकला की पहिल्या दिवसापासूनची कमाई निकाल लागेपर्यंत राखून ठेवली जाते. समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस असतात, त्यामुळे ताईंना रोज "अजून नाही" सांगणं मला फार जड गेलं. नवव्या दिवशी क्लेम सुटला.

पुढचा व्हिडिओ पिठाचा होता. गटातल्या एक आजी जात्यावर ओव्या म्हणतात, तेच घ्यायचं ठरलं. ओव्या परंपरेच्या, कुणा एकीच्या मालकीच्या नाहीत. ध्वनिमुद्रण आमचं. पण गाणारीचा स्वतःच्या गाण्यावर हक्क असतो, आपल्या कायद्यात तो 50 वर्षांचा आहे. म्हणून मी मराठीत एक पानी करार लिहिला. व्हिडिओ कुठे दिसणार आणि आजींना किती पैसे मिळणार हे त्यात घातलं, आणि त्यांना तो वाचून दाखवला.

"ओवीलाबी कागद लागतो व्हय?"

"ओवीला नाही आजी, तुमच्या आवाजाला."

त्यांनी सावकाश सही केली. मी माइक गुंडाळायला घेतला तर म्हणाल्या, "थांब, माझ्या आईची एक राहिली. परत लाव ते."